पंधरा दिवसांत दाखवायचं

माझी मोठी नात रोशनी हिचं लग्न झालं ते साल २०२३. तारीख सात मे ठरली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि एप्रिलच्या अकरा तारखेला माझी जाऊ पारबता मोहाची फुलं वेचायला गेली ती परत आली नाही. तिला वाघाने मारलं. वाकून वेचणारा माणूस वाघाला मागून चार पायांचा दिसतो, असं वनखात्याचे लोक सांगतात. लग्न आम्ही पुढे ढकललं नाही, कारण त्या लग्नाची सगळ्यांत जास्त घाई पारबतालाच होती. फक्त बँडवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

आमचं गाव सावली तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. गावातून चार वाटा निघतात. एक डांबरी सडकेला जाते, बाकीच्या तीन जंगलात. पारबता पूर्वेच्या वाटेवर गेली. माझा नवरा हरिदास ज्या तीन मोहांखाली वेचतो ती झाडंही त्याच वाटेवर आहेत, पारबता सापडली त्या जागेच्या पुढे. झाडं काही आमच्या नावावर नाहीत, पण चाळीस वर्षं आमचंच घर तिथे वेचतं, म्हणून गाव त्यांना हरिदासचे मोह म्हणतं.

हरिदास तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याला पेन्शन होती, पोट मोहावर चालत नव्हतं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल अशी गत. मुलाने, सुनेने, पोलीस पाटलाने, सगळ्यांनी सांगून पाहिलं की पुढल्या वर्षी जाऊ नका. तो म्हणाला, "मोहा माह्यासाठी पडाचा थांबून राह्यते का?" आणि विषय संपवला. पुढचा हंगाम मार्चमध्ये लागणार होता. म्हणजे माझ्या हातात दहा महिने होते, आणि या माणसाला कसं थांबवावं ते मला ठाऊक नव्हतं.

माझी धाकटी नात साक्षी तेव्हा गडचिरोलीला पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती. तिने आणि आणखी सात पोरापोरींनी मिळून एक छोटी कंपनी काढली होती. नाव पाणवठा. बसस्टँडजवळ बियाण्याच्या दुकानावर एक खोली, पाच कॉम्प्युटर आणि आठ माणसं, सगळी शिकणारी. दुकानदारांच्या वेबसाइटी करायच्या, एका शाळेचे निकाल करून द्यायचे, अशी त्यांची कामं. पारबता गेल्यावर साक्षी दोन दिवस जेवली नाही. मग जंगलाकाठच्या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेकडे ती स्वतः गेली आणि म्हणाली, वाघ कुठे आहे ते लोकांना फोनवर कळेल असं काहीतरी आम्ही बनवून देतो. संस्थेने हो म्हटलं.

पोरांनी पावसाळाभर काम केलं. आधी नव्वद पानांचा आराखडा लिहिला, मग त्याप्रमाणे सगळं बांधलं. दिवाळी झाल्यावर, धानाची कापणी चालू असताना, एका रविवारी ती मंडळी पडदा आणि मशीन घेऊन आमच्या गावच्या समाजमंदिरात आली. निकेश नावाचा पोरगा समजावून सांगत होता. निकेश वडशाकडचा, उंच, बोलका. त्याने दाखवलं की आधी नाव टाकायचं, नंबर टाकायचा, फोनवर येणारे आकडे भरायचे, मग वनपरिक्षेत्र निवडायचं, मग कक्ष क्रमांक, मग चौदा प्राण्यांमधून प्राणी, आणि शेवटी फोटो.

माझी शेजारीण केसरबाई पुढेच बसली होती. तिने विचारलं, "फोटो पण काढाचा?"

"हो मावशी. चांगला दिसला पाह्यजे."

"मंग त्याले म्हणू का, बापू, जरासा उजेडात ये?"

लोक हसले. निकेशही हसला. केसरबाई काही थांबली नाही. "अन् तिथी रेंज नसन तं?"

"मग रेंजमध्ये आल्यावर पाठवायचं."

"तोवर तो मले खाऊन बोडीवर पाणी प्याले जाईन ना!"

समाजमंदिर हसून हसून लोळलं. साक्षी हसली नाही. ती आमच्या घरी आली, चुलीपाशी बसली आणि रडली. केसरबाईचं खरंच होतं.

त्या दिवशी पोरांबरोबर दिव्यानी मॅडम आल्या होत्या. त्या नागभीडच्या. पुण्याच्या मोठ्या कंपनीत नऊ वर्षं होत्या, आईला लकवा झाला म्हणून परत आल्या आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागल्या. पोरांनी त्यांना फक्त बघायला बोलावलं होतं. त्या शेवटपर्यंत दाराशी उभ्या राहून बघत होत्या. परत जाताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "सहा महिन्यांत या कामासाठी या गावात तुम्ही किती वेळा आलात?"

साक्षी म्हणाली, "आज पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नव्वद पानांचा आराखडा कपाटात ठेवायला लावला. पुण्यात त्या ज्या रीतीने काम करत, तिला अजाईल म्हणतात असं साक्षीने मला सांगितलं. मला ती जशी समजली तशी सांगते. मोठं काम एकदम करायचं नाही. पंधरा दिवसांत होईल एवढं छोटं काम घ्यायचं, पण ते चालणारं पाहिजे, आणि पंधराव्या दिवशी ते वापरणाऱ्या माणसाला दाखवायचं. तो नाही म्हणाला तर पंधराच दिवस वाया जातात, सहा महिने नाही. रोज दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. एका मशीनवर दोघांनी बसायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जो ही वस्तू वापरणार आहे तो माणूस त्याच खोलीत बसलेला पाहिजे.

"असा माणूस कुठून आणायचा?" निकेशने विचारलं.

साक्षी म्हणाली, "माह्या आजीले आणतो."

अशी मी सत्तराव्या वर्षी कंपनीत लागले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. अकराची एस.टी., बायांना अर्धं तिकीट. पिशवीत लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन जायची, कारण ती पोरं दुपारी नुसती बिस्किटं खायची. पहिल्या दिवशी सगळे गोल करून उभे राहिले तेव्हा मी विचारलं, "इतक्या खुर्च्या हायेत, बसून काऊन नाई बोलत?"

"बसलं का बोलणं लांबते, आजी," निकेश म्हणाला. "उभं राह्यलं का पाय दुखतात, मंग माणूस खरं तेवढंच बोलते."

दोघं एका मशीनवर बसतात ते पाहून मला आधी वाटलं कॉम्प्युटर कमी आहेत म्हणून. तेही होतं. पण धानाच्या रोवणीला आम्ही बाया शेजारी शेजारी वाकतो तेव्हा एकीची ओळ वाकडी जाऊ लागली की दुसरी लगेच सांगते, तिथेच सरळ होते. संध्याकाळी बांधावरून पाहून सांगितलं तर सगळं उपटावं लागतं. हे तसंच होतं.

भिंतीवर पिवळे कागद चिकटवलेले असत. एका कागदावर एकच काम. मी वाचायला शिकले ती साक्षी पहिलीत असताना, तिच्याच पाटीवर, छप्पन्नाव्या वर्षी. त्यामुळे माझं वाचणं हळू. तरी त्या भिंतीवरचा एकूण एक कागद मी वाचला, मोठ्याने, बोट ठेवून. कोणी मला घाई केली नाही. मॅडमनी माझ्या हातात कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "बाई, तीन गोष्टी लिहा. तुम्ही कोण, तुम्हाला काय पाहिजे, आणि कशासाठी."

मला अर्धा तास लागला. मी लिहिलं: मी बायनाबाई. मोहा वेचणाऱ्या घरातली. आज कोणत्या वाटेने जाऊ नये ते मला घर सोडायच्या आधी कळलं पाहिजे. कशासाठी, तर गेलेलं माणूस परत यावं म्हणून.

मॅडमनी तो कागद वाचला आणि सगळ्यांत वर, मधोमध चिकटवला. "बाकी सगळं याच्या खाली," त्या म्हणाल्या.

पहिल्या पंधरा दिवसांत पोरांनी फक्त एवढंच केलं: एक नंबर. त्यावर फोन लावून बोलायचं, आणि ते बोलणं गावातल्या वीस घरांच्या साध्या बटणाच्या फोनवर ऐकू जायचं. नाव नाही, आकडे नाहीत, फोटो नाही. पंधराव्या दिवशी ते गावात आले, पूर्वेच्या वाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या धनराजच्या अंगणात बसून त्यांनी फोन लावून दाखवला. वीस फोन एकदम वाजले. केसरबाईने तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "आता कसं! आता माणसासारखं केलं बाप्पा."

दुसऱ्या पंधरा दिवसांत जागांची नावं. सरकारी कक्ष क्रमांक कोणाला माहीत नाहीत. आम्हाला माहीत हरणतळं, बुटा मोह, फुटकी बोडी, चिखलनाला. मी आणि केसरबाईने कंपनीच्या फरशीवर खडूने जंगल काढलं आणि सेहेचाळीस नावं सांगितली. खाली बियाणं घ्यायला आलेले लोक वर येऊन पाहून गेले. दोन म्हाताऱ्या फरशीवर रांगतात आणि आठ पोरं वहीत उतरवून घेतात, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या पंधरवड्यात घोडं अडलं. जानेवारीचे दिवस होते. आता फोन लावला की मशीनच बोलायचं: वाघ दिसल्यास किंवा वाघाचे ठसे दिसल्यास एक दाबा, बिबट असल्यास दोन, अस्वल असल्यास तीन, आणि मग जागेचं नाव सांगा. पोरांना वाटलं, लोकांनी नुसतं बोलण्यापेक्षा हे बरं, लवकर होतं. पण पंधरा दिवसांत एकही खबर आली नाही. त्याच पंधरा दिवसांत गावात तीन ठिकाणी ठसे पाहिल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. निकेश आणि साक्षी दोन दिवस मशीनपुढे बसून चूक शोधत होते. साक्षीचे डोळे लाल झाले होते.

त्या शनिवारी आढावा होता. दर पंधरा दिवसांनी ते बसून बोलायचे, काय बरं झालं, काय बिघडलं. बोलण्याआधी मॅडम एक वाक्य वाचून घ्यायच्या, ते भिंतीवर लिहून ठेवलं होतं: त्या वेळी ज्याला जे ठाऊक होतं आणि जे हाताशी होतं, त्यात त्याने चांगलंच केलं, असं आपण धरून चालतो. त्या दिवशी ते वाचायची पाळी मॅडमनी मला दिली. मी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. वाचल्यावर मात्र मला गप्प बसता येईना.

"फोन बरोबर चालून राह्यला," मी म्हणाले. "लोकच ठेवून देतात."

"काऊन पण, आजी?" साक्षी म्हणाली.

"तो नाव घेते म्हणून."

कोणाला कळलं नाही. मग मी सांगितलं. जंगलात आम्ही त्याचं नाव घेत नाही. माझी आई घेत नव्हती, सासू घेत नव्हती. नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो, असं मानतात. मोठा म्हणायचं. आणि हा फोन तर जंगलात उभ्या बाईच्या हातात मोठ्याने नाव घेतो, एकदा नाही, दोनदा. बाया भिऊन फोन बंद करतात. मीही केला होता, आठ दिवसांपूर्वी, चिखलनाल्यावर. ओल्या चिखलात ठसा दिसत होता आणि मी फोन बंद करून घरी आले.

हे मी आठ दिवस पोटात ठेवलं होतं. कारण साक्षी लहान असताना मीच तिला शिकवलं होतं की भूत नाही, दृष्ट नाही, नवस नाही. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी ते सगळं सोडलं ते आपण परत धरायचं नाही. विहारात पोरींना मी हेच सांगत आले. आणि आता त्याच नातीच्या कंपनीत उभं राहून कसं सांगू की मला नाव घ्यायची भीती वाटते? माझ्या लाजेपायी पोरं दोन दिवस मशीनवर डोकं आपटत बसली.

"आम्ही मशीनमध्ये चूक पाहून राह्यलो," निकेश म्हणाला.

"चूक माह्या तोंडात होती, बापू."

मला वाटलं आता हसतील. कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बाई, आत्ताच तुम्ही काय वाचलं?" आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. साक्षी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजी, मीनं विचारलंच नाई तुले. जंगलात काय म्हणते, हे विचाराचं सुचलंच नाई." मग तिने नवा पिवळा कागद काढून लिहिलं: मशीनने नाव घ्यायचं नाही. त्या पोरांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यातला हा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

मशीनचा आवाज काढून टाकला. त्या जागी केसरबाईचा आवाज भरला. ती म्हणायची, "मोठा दिसला तं एक दाब वो. अन् थांबू नोको तिथी, निघ." पुढच्या आठवड्यात सात खबरी आल्या.

फेब्रुवारी लागला. रोज संध्याकाळी सातला, लोक जेवायच्या वेळेला घरी असतात तेव्हा, केसरबाईचा आवाज घरोघरी सांगायचा की उद्या कोणत्या वाटेला जाऊ नये. गाव ऐकू लागलं. एकच माणूस ऐकत नव्हता. मी फोन हरिदासच्या कानाला लावला तर त्याला नुसती शिट्टी ऐकू जायची, तो म्हणायचा, "कुकर झाला का?" ओरडून समजावलं तर म्हणायचा, "फोनवाल्यानं जंगल पाह्यलं का? मी पाह्यलं." मोहाला फुलं धरू लागली होती. दोन-तीन आठवड्यांत गळायला लागणार.

मी गुरुवारी कंपनीत गेले आणि स्वतःच कागद घेऊन लिहिलं: माझा नवरा ऐकत नाही. भिंतीवर चिकटवला.

निकेशने वाचलं. "आजी, हे काम नाई. हे तं रडगाणं हाये."

"तुमच्या मॅडमनं सांगतलं, जे अडते ते लिहा. माह्यं हेच अडते."

मॅडमनी खुर्ची ओढली. "बाई, ते कोणाचं ऐकतात? एखाद्याचं तरी ऐकत असतील."

"कोणाचंच नाई."

"नोकरीत कोणाचं ऐकायचे?"

मी म्हणाले, साहेबाचंही नाही. एकतीस वर्षं रेल्वेत गँगमन होता, मूल गावाच्या लाइनवर, तीन साहेबांशी भांडला. एकदा मुलाला ताप होता, मी निरोप धाडला तरी आला नाही, कारण पुढे लाल झेंडी होती आणि ट्रॉली थांबली होती. चार तास. लाल झेंडी दिसली की तो तिथून हलत नाही, मग बाप बोलावो का बायको.

साक्षी म्हणाली, "तीन वाटा, तीन दिवे. लाल. फोनवरून लागतील असे." निकेशने लगेच कागदावर तारा काढायला सुरुवात केली, कोणता सुटा भाग नागपूरहून मागवायचा तेही सांगू लागला.

मॅडम म्हणाल्या, "किती दिवस लागतील?"

"दीड महिना."

"मोहा किती दिवसांत गळेल, बाई?"

"तीन हप्ते. कमीच."

"मग या पंधरवड्यात कापड बांधा," मॅडम म्हणाल्या. "बांबू आणि लाल कापड. ते चालतं का बघू. दिवे नंतर."

निकेशचा चेहरा पडला. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाने बांबूला फडकं बांधायचं! पण कापड बांधायलाही काम निघालंच. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी जे घर, त्या घराला संध्याकाळी फोन जाणार: आज तुमच्या वाटेवर मोठा आहे, कापड बांधा, बांधलं की एक दाबा. दहा मिनिटांत एक दाबला नाही तर पुन्हा फोन, आणि तरीही नाही तर पुढच्या घराला. बांधल्याशिवाय मशीन गप्प बसणार नाही. हे पोरांनी दहा दिवसांत केलं. पूर्वेच्या वाटेवर पहिलं घर धनराजचं. त्याला कापड दिलं तेव्हा तो म्हणाला, "गार्डच केलं मले. शिट्टी नाई देत का?"

हरिदासला आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मुद्दाम ऐकलं नसतं.

मार्चच्या अठरा तारखेला सोमवार होता. दुपारी गुराख्याने पूर्वेच्या वाटेवर हरणतळ्यापाशी ठसे पाहिले, एक दाबला आणि जागा सांगितली. सातला फोन आला. धनराजने कापड बांधल्याचं साक्षीने गडचिरोलीहून मला कळवलं. मी झोपायच्या आधी हरिदासची टोपली लपवून ठेवली. उजाडायच्या सुमाराला जाग आली तर त्याची खाट रिकामी होती. टोपली त्याने शोधून काढली होती.

मी चप्पल न घालता निघाले. धनराजचं घर येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे पारबता होती, दुसरं काही नव्हतं. वळणावर पोचले आणि पाहिलं. बांबूला लाल कापड बांधलेलं होतं, आणि त्याच्या खाली दगडावर हरिदास बसला होता. टोपली आणि टॉर्च बाजूला, हातात बिडी, तोंडावर राग. त्याच्या मागे केसरबाईचा पुतण्या आणि दोन बाया आपापल्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही त्याने पुढे जाऊ दिलं नव्हतं.

मला पाहून तो ओरडला, "झेंडी लावली कोणं?"

धनराज डोळे चोळत बाहेर आला. "मीनं लावली, भाऊ."

"अन् लावून झोपला? झेंडी लावणारा तिथी उभा राह्यते! काढाची कधी? कोण काढीन? दीड तास झाला माणसं खोळंबून राह्यले!"

धनराजने माझ्याकडे पाहिलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खुणेने सांगितलं, साक्षीला विचारते.

सूर्य वर आल्यावर वनखात्याची माणसं आली. गावातले चौघं काठ्या घेऊन त्यांच्याबरोबर गेले. हरिदासच्या तिसऱ्या मोहाखाली, जिथे तो रोज आधी जातो, गवत दबलेलं होतं. ताज्या पावलांची रांग तिथून नाल्याकडे उतरत होती. फॉरेस्ट गार्ड म्हणाला, मोठा पहाटेपर्यंत इथेच बसलेला होता. घरी येऊन मी हरिदासला हे ओरडून सांगितलं, दोनदा. त्याने बिडी विझवली. मग म्हणाला, "पण झेंडी काढाचा नियम पाह्यजे."

ते मी गुरुवारी उभ्या बैठकीत सांगितलं. कापड बांधायचं सगळं त्यांनी लिहिलं होतं, उतरवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. निकेशने पिवळा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं: मी हरिदास. झेंडी कधी आणि कोणी उतरवायची ते मला कळलं पाहिजे. तो पुढच्या पंधरवड्याचा पहिला कागद झाला. नियम हरिदासनेच सांगितला. ऊन चढल्यावर दोन माणसांनी मिळून पाहून यायचं, एकट्याने नाही, आणि ज्याने लावली त्यानेच उतरवायची.

मग तो पूर्वेच्या वाटेचा मालकच झाला. धनराजचा फोन वाजला की धनराजची बायको येऊन हाताने खूण करायची, हरिदास उठून कापड बांधायचा आणि फोनवर एक दाबायचा. सकाळी ऊन चढेपर्यंत तिथेच बसून लोकांना अडवायचा. पोरं एप्रिलमध्ये गावात आली तेव्हा त्यांनी त्यालाही गोलात उभं केलं. साक्षीने कानात ओरडून सांगितलं, "आबाजी, काल काय केलं, आज काय करान, कुठी अडलं?"

"काल लावली," तो म्हणाला. "आज काढली. बिड्या संपल्या."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना गोलातून बाहेर जावं लागलं.

दिवे शेवटी झालेच नाहीत. निकेश अजून मला म्हणतो, आजी, पुढच्या पंधरवड्यात. कापडच अकरा गावांत गेलं, दर गावात तिथल्याच बाईचा आवाज, आणि दर गावातली एक म्हातारी किंवा म्हातारा महिनाभर येऊन खोलीत बसतो. फरशीवर खडूने जंगल काढतात. बियाण्याच्या दुकानदाराने आता जिन्याला कठडा बसवून दिला आहे. साक्षीचं शिक्षण संपलं, तिला पुण्याहून बोलावणं होतं, ती गेली नाही. ते चांगलं झालं का वाईट ते मला सांगता येत नाही, पण माझ्या जवळ आहे याचं मला सुख आहे. दिव्यानी मॅडमना मी एकदा विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू. त्या म्हणाल्या, वडे आणत जा.

२०२४ आणि २०२५ या दोन हंगामांत आमच्या गावातून मोहाला गेलेलं प्रत्येक माणूस घरी परत आलं. माझा नवरा हरिदास बुधवारी, २ जुलै २०२५ रोजी, सकाळी साडेनऊला घरी स्वतःच्या खाटेवर वारला. त्याला दमा होता. तो शहात्तर वर्षांचा होता, आणि आम्ही सगळे जवळ होतो.